आकडा सांगताना आवाज खाली जातो

पत्र:

मॅडम, पुण्यात सहा वर्षं मोटार अपघाताच्या दाव्यांचं काम केलं. इथे येऊन एलएलएम केलं, कॅलिफोर्नियाची बार परीक्षा पास झालो आणि आता सॅन होजेतल्या एका छोट्या फर्ममध्ये आहे. सात आठवड्यांनी माझी पहिली ज्यूरी ट्रायल आहे. अशील ६३ वर्षांच्या, मूळच्या नाशिकच्या, लेकीकडे राहतात. रस्ता ओलांडताना वळणाऱ्या व्हॅनने उडवलं, उजवं मनगट मोडलं, प्लेट-स्क्रू बसले. चूक व्हॅनवाल्याची हे समोरच्यांनी मान्य केलंय, वाद फक्त रकमेचा आहे. आजींना नोकरी नाही, म्हणजे बुडालेला पगार शून्य. बिलं ९४ हजार डॉलरची, पण त्यांच्या विम्याने प्रत्यक्षात भरले ३१ हजार. बाकी सगळं दुःख आणि वेदना. शेवटच्या युक्तिवादात सहा लाख मागायचे असं पार्टनर म्हणतात. घरी आरशासमोर सराव करतो, पण आकडा आला की आवाज खाली जातो. पुण्यात गुणक लावला की रक्कम समोर यायची. इथे काय लावू? आपण लोभी दिसलो तर? आणि आजी तर भेटेल त्याला ‘बरं आहे’ म्हणतात!
— संकोची, सॅन होजे

उत्तर:

संकोची,

तुझी फाईल मी पाहिलेली नाही, तेव्हा जे लिहिते आहे ते तुझ्या पत्रावरून आणि माझ्या अनुभवावरून. बाकीचं तुझ्या पार्टनरशी बोलून घे.

आधी आवाजाचं. माझ्या पहिल्या ट्रायलमध्ये मी आकडा इतका पुटपुटले की कोर्ट रिपोर्टरने मान वर करून पुन्हा सांगायला लावला. दुसऱ्यांदा सांगताना मी तो वीस हजारांनी कमी सांगितला. कागदावर एक होता, तोंडातून दुसराच आला. त्या वीस हजारांची रुखरुख अजून आहे, कारण ते माझे नव्हतेच, अशिलाचे होते.

आपल्याकडे हा घरोघरचा आजार आहे. भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारी माणसं स्वतःच्या कामाचे पैसे सांगायची वेळ आली की ‘तुम्हाला योग्य वाटेल ते द्या’ म्हणून मोकळी होतात. ज्यूरीपुढे हेच म्हणालास तर तुझं काम बारा अनोळखी माणसांच्या गळ्यात पडतं. ती माणसं पहिल्या दिवसानंतर रोजचे १५ डॉलर आणि गाडीभाडं घेऊन तिथे बसलेली असतात. मोडलेल्या मनगटाची किंमत त्यांनी आयुष्यात कधी काढलेली नसते.

पण तुझा आवाज नुसत्या संकोचाने जात नसावा. पत्रात मला एक वाक्य सापडलं नाही: सहा लाख आले कुठून? पार्टनरना इतक्या वर्षांत अंदाज आला असेल, तो बरोबरही असेल. पण तू स्वतः तिथवर पायऱ्या चढून गेलेला नाहीस, म्हणून तो आकडा तुला परका वाटतो. आधी तो तुझा कर.

पुण्यात तू काय करत होतास? सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालाचा (२००९) तक्ता उघडायचा, वय बघायचं, गुणक घ्यायचा. ६३ व्या वर्षी सात. उत्पन्न गुणिले सात, अपंगत्वाच्या टक्केवारीने कमी, आणि वेदनांसाठी शेवटी एक ठोक रक्कम. ती ठोक रक्कमही कुणीतरी मनानेच ठरवत असतं, फक्त तो न्यायाधीश असतो आणि त्याला कुणी फारसं विचारत नाही. इथे ते काम ज्यूरीकडे आहे. (आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर ज्यूरी म्हटलं की नानावटीच उभा राहतो. तो फौजदारी खटला होता, ही दुनियाच वेगळी.) कॅलिफोर्नियात दिवाणी खटल्यात ज्यूरीला वाचून दाखवायच्या सूचना असतात, त्यातली ३९०५ए तू वाचली असशील. न्यायाधीश ज्यूरीला स्पष्ट सांगतात की या प्रकारच्या नुकसानीची रक्कम ठरवायला कुठलंही ठरीव मोजमाप नाही, पुरावा आणि व्यवहारज्ञान वापरून वाजवी रक्कम ठरवा. गुणक नाही म्हणून तुला पोरकं वाटतंय. मला विचारशील तर याच जागी वकिलाचं खरं काम सुरू होतं.

आकडा सांगायचाच, यावर माझ्या मनात शंका नाही. काही राज्यांत वेदनांसाठी ठरावीक रक्कम मागायला वकिलाला बंदी आहे, कॅलिफोर्नियात नाही. दाव्याच्या अर्जात रक्कम लिहिता येत नाही, ती बंदी तेवढ्यापुरती. सांगायचा का, तर माणसाचं मन पहिल्या ऐकलेल्या संख्येला धरून बसतं. काहनेमन आणि ट्वेर्स्की यांनी १९७४ साली छापलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: लोकांसमोर एक चक्र फिरवलं, ते १० वर किंवा ६५ वर थांबायचं, आणि मग विचारलं की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचा संबंध नाही. तरी १० पाहिलेल्यांचं मधलं उत्तर २५ आणि ६५ पाहिलेल्यांचं ४५. आता विचार कर, तू आकडा सांगितलाच नाहीस तर त्या खोलीत एकच चक्र फिरेल, समोरच्या वकिलाचं. तो उठून अगदी गोड आवाजात ‘आम्हालाही आजींबद्दल सहानुभूती आहे, ४० हजार देऊन टाका’ म्हणेल, आणि ज्यूरी ४० हजारांच्या आजूबाजूला घुटमळत राहील.

लोभी दिसण्याची भीती मात्र खोटी नाही. ज्यूरीच्या बाकावर बसणाऱ्या निम्म्या लोकांच्या डोक्यात ती कॉफी असते. तुला ठाऊक आहेच, बाईंनी अंगावर कॉफी सांडली आणि मॅकडोनाल्ड्सकडून लाखो डॉलर उकळले, ही गोष्ट अमेरिकेत विनोद म्हणून सांगतात. खरी हकीकत फार कुणाला माहीत नसते. न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीच्या ७९ वर्षांच्या बाई, जखम इतकी खोल की त्वचारोपण करावं लागलं. कंपनीकडे अशा सातशेच्या वर तक्रारी आधीच नोंदलेल्या. बाईंनी सुरुवातीला २० हजारांच्या आसपास मागितले होते, कंपनीने देऊ केले ८००. १९९४ मध्ये ज्यूरीने भरपाई दोन लाख ठरवली, पण २० टक्के चूक बाईंची धरून एक लाख साठ हजारच दिले. सत्तावीस लाख हा दंडात्मक भाग होता, तो न्यायाधीशांनी चार लाख ऐंशी हजारांवर आणला आणि शेवटी तडजोड झाली. हे सगळं कोर्टात सांगायचं नाही, दुसऱ्या खटल्याचा उल्लेख करायला गेलास तर थोबाडीत बसेल. पण ज्युरर निवडताना हा पूर्वग्रह उघड करून घे. ‘काही लोकांना वाटतं की दुखण्याचे पैसे मागणंच चूक आहे, काहींना तसं वाटत नाही. तुम्ही कुठल्या बाजूला थोडे जास्त झुकता?’ एवढं विचार आणि गप्प बस. लोक बोलतात. जो मोकळेपणाने ‘मला नाही पटत’ म्हणेल त्याचे आभार मान, वाद घालू नकोस. त्याच्यामुळे बाकीच्यांनाही खरं बोलायची हिंमत येते, आणि कुणाला वगळायचं ते तुला कळतं. दिवाणी निकालाला बारांपैकी नऊ जण लागतात, हे विसरू नकोस. बाराही जणांचं मन जिंकायला निघालेला नवा वकील बहुतेक वेळा भलत्याच माणसाशी बोलत बसतो.

आता पायऱ्यांकडे. सेफर्ट विरुद्ध लॉस एंजेलिस ट्रान्झिट लाइन्स, १९६१, कॅलिफोर्निया सर्वोच्च न्यायालय. वाचला नसशील तर आज रात्री वाच. बसच्या दारात बाईंचा पाय अडकून त्या फरपटत गेल्या, पायाचं कायमचं नुकसान झालं. वकिलाने ज्यूरीकडे मागितले १,८७,९०३ डॉलर ७५ सेंट. ज्यूरीने दिले १,८७,९०३ डॉलर ७५ सेंट. त्यातले १,३४,००० वेदनांचे. ते कसे आले बघ: अपघातापासून खटल्यापर्यंत दिवसाला १०० डॉलरने ६६ हजार, आणि पुढच्या ३४ वर्षांसाठी वर्षाला २ हजारांनी ६८ हजार. ही उतरण लक्षात घे. सुरुवातीच्या, ऑपरेशनं आणि पट्ट्यांच्या काळात दिवसाला १००, पुढच्या आयुष्यात दिवसाला साडेपाच डॉलरच्या आत. वकिलाने भविष्यातला दिवस स्वस्त धरला, म्हणून भूतकाळातला महाग दिवस ज्यूरीला पटला असावा, असं मला नेहमी वाटत आलंय. चार विरुद्ध तीन मतांनी तो निकाल टिकला. ट्रेनर यांच्यासारख्या मोठ्या न्यायमूर्तींनी विरोधी मत लिहिलं, रक्कम अवास्तव आहे म्हणून. तेही वाच, कारण समोरचा वकील तुझ्याविरुद्ध जे बोलेल त्याचा उत्तम मसुदा तिथे आहे. पुढे १९६६ मध्ये बीगल विरुद्ध वॅसोल्ड या निकालाने दिवसागणिक हिशोब मांडायला आपल्या राज्यात परवानगी पक्की केली.

परवानगी आहे म्हणून वाट्टेल तसा गुणाकार करू नकोस. ‘तासाला फक्त पाच डॉलर’ हे ऐकायला माफक वाटतं. आजींची पुढची २२ वर्षं धरलीस तर ८,०३० दिवस, जागेपणीचे १६ तास धरले तर १,२८,४८० तास, म्हणजे सहा लाख बेचाळीस हजार. तिसऱ्या रांगेतला इंजिनीअर (सॅन होजेत एक तरी असतोच) हा गुणाकार तुझ्याआधी करून मोकळा होतो आणि हाताची घडी घालतो. प्रत्येक तास सारखा दुखतो, यावर त्याचा विश्वास बसत नाही. आणि बसू नयेच, कारण ते खरं नाही.

त्यापेक्षा काळाचे तुकडे पाड. मी नुसता नमुना देते, आकडे तुझ्या पुराव्यातून यायला हवेत. अपघात, ऑपरेशन, प्लास्टर आणि फिजिओथेरपीची पहिली फेरी, समजा ७७ दिवस. त्यांची आंघोळसुद्धा लेकीच्या हातात होती. दिवसाला ५०० धरलेस तर ३८,५००. तिथून खटल्यापर्यंत समजा ७०० दिवस, १०० ने ७० हजार. पुढे २२ वर्षं, वर्षाला १२ हजार, म्हणजे दिवसाला साधारण ३३ डॉलर: २,६४,०००. बेरीज ३,७२,५००. भविष्यातल्या वेदनांच्या रकमेची आजच्या किमतीत कपात करायची नसते, हे ३९०५ए सूचनेतच आहे. समोरच्याने तसं काही सुचवलं तर तिथल्या तिथे हरकत घे.

आता ‘बुडालेला पगार शून्य’ या तुझ्या वाक्यावर मी थोडी चिडलेच. आजी घरात नुसत्या बसून होत्या का? नातीला शाळेतून आणणं, दोन वेळचा स्वयंपाक, घड्या, केर. घरातली कामं करण्याची क्षमता गेली तर तिचं वाजवी मोल हे कॅलिफोर्नियात आर्थिक नुकसान आहे, त्यासाठी स्वतंत्र सूचना आहे, ३९०३ई. त्यासाठी प्रत्यक्ष बाई लावून पैसे मोजले असलेच पाहिजेत असंही नाही. आठवड्याला आठ तास, तासाला २५ डॉलर धरले तर वर्षाचे १०,४०० होतात. किती वर्षं, हे नातीच्या वयावरून आणि आजींच्या तब्येतीवरून ठरव, दर सांगायला साक्षीदार उभा कर, आणि ही रक्कम भविष्यातली असेल तर तिची आजची किंमत काढावी लागेल. भारतात गृहिणीच्या कामाला मोल आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कीर्ती निकालात ठासून सांगितलं. तू त्याच मुशीतून आलास आणि इथे येऊन शून्य लिहितोस!

बिलांचं थोडक्यात: ९४ हजार विसर. हॉवेल निकालानंतर (२०११) विम्याने जे भरलं आणि हॉस्पिटलने जे पूर्ण म्हणून स्वीकारलं तेवढंच, म्हणजे ३१.

सगळं जोडून तुझा आकडा पावणेपाच लाख निघेल, सहा निघेल, कदाचित आठही निघेल. तो निघाला की पार्टनरना पायऱ्या दाखव. त्यांचे सहा तिथे बसत नसतील तर भांड. निकालपत्रावर ज्यूरीला वेगवेगळ्या रिकाम्या जागा भरायच्या असतात, झालेलं आर्थिक नुकसान, पुढचं आर्थिक, झालेलं बिगर-आर्थिक, पुढचं बिगर-आर्थिक. तोच कागद मोठा करून समोर लाव आणि एकेक जागा हाताने भरत जा, भरताना ती कुठल्या साक्षीतून आली ते सांग. पेन हातात असलं की आवाज आपोआप स्थिर राहतो.

काय बोलायचं नाही, तेही सांगते. ‘तुमचं मनगट मोडलं असतं तर तुम्ही किती घेतले असते?’ हे नको. ज्युररना वादीच्या जागी उभं करणारा युक्तिवाद चालत नाही, हरकत येईल आणि न्यायाधीश ज्यूरीसमोर तुला थांबवतील. प्रतिवादीच्या विम्याबद्दल अवाक्षर नको. ‘अशा ड्रायव्हरना धडा शिकवा’ हेही नको, तुझ्या खटल्यात दंडात्मक भरपाईचा प्रश्नच नाही.

आता आजी. तुझ्या दृष्टीने त्या अडचण आहेत, मला त्या या खटल्यातली सगळ्यात भक्कम गोष्ट वाटतात. रडणाऱ्या वादीकडे ज्यूरी संशयाने बघते. न रडणाऱ्या बाईबद्दल दुसऱ्यांनी सांगितलं तर ऐकते. त्यांच्या डॉक्टरच्या नोंदींत प्रत्येक भेटीला ‘रुग्ण म्हणते बरं आहे’ असं लिहिलेलं सापडेल, समोरचा ते मोठ्या अक्षरांत पडद्यावर दाखवेल. दाखवू दे. लेकीला विचार, आईने आयुष्यात ‘मला दुखतंय’ असं कधी म्हटलं होतं का. शेजारणीला बोलाव, नातीच्या शाळेतल्या कुणाला तरी बोलाव. दोन साक्षीदार, प्रत्येकी पंधरा मिनिटं, तेवढं पुरे होतं.

त्या मराठीत साक्ष देणार असतील तर दुभाष्याचा विचार आत्तापासून कर. इथे कोर्टात मराठीचे दुभाषे मोजकेच आहेत, आयत्या वेळी मिळत नाहीत, आणि लेक दुभाषी होऊ शकत नाही. त्याहून मोठी अडचण शब्दांची. आपण म्हणतो कळ आली, चमक निघाली, ठणकतंय, रग लागली, झिणझिण्या आल्या, हात जड झालाय. माझ्या एका अशील बाईंनी अर्धा तास असे सात-आठ वेगवेगळे शब्द वापरले आणि ज्यूरीला प्रत्येक वेळी इंग्रजीतून एकच ऐकू आलं, दुखतं. दुभाष्याचा दोष नव्हता, तिथे त्याला शब्दच नव्हता. तेव्हापासून मी शब्द विचारत नाही, कृती विचारते. ‘कणीक कशी मळता?’ ‘आता मळत नाही, लेक मळते, मी शेजारी उभी राहते.’ ‘रात्री हात कुठे ठेवता?’ ‘उशीवर, वेगळी उशी घेतली आहे.’ याचं भाषांतर करताना काही हरवत नाही. आणि ‘कळ’ म्हणाल्याच तर पुढचा प्रश्न विचार: कळ आली की हातातलं काय खाली पडतं?

आजींना आधीपासून संधिवात असेल तर लपवू नकोस, तूच आधी सांग. आधीच्या दुखण्यात अपघाताने भर पडली तर त्या भरीची भरपाई मिळते, आणि नाजूक माणसाला धक्का दिला तर तो नाजूक होता ही सबब चालत नाही. दोन्हींसाठी सूचना आहेत, ३९२७ आणि ३९२८, दोन्ही मागून घे. संधिवाताची गोष्ट समोरच्याने काढली तर ती कबुली वाटते, तू काढलीस तर माहिती.

एक गोष्ट पत्रात नाही म्हणून विचारते. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९९८ खाली तडजोडीची लेखी ऑफर दिलीत का? तुमच्या ऑफरपेक्षा जास्त निकाल लागला तर त्या तारखेपासून १० टक्के व्याज आणि तज्ज्ञांचा खर्चही मागता येतो. सात आठवडे आहेत, उशीर झालेला नाही. आणि ती ऑफर लिहितानाही तुला आकडा लागेलच, तेव्हा पायऱ्यांचं काम या रविवारीच कर.

वादी म्हणून शेवटचा शब्द तुझा असतो, प्रतिवादीच्या युक्तिवादानंतर तुला पुन्हा उभं राहता येतं. ४० हजारांचं उत्तर तेव्हासाठी राखून ठेव.

साक्षीच्या दिवशी आजी पिंजऱ्यात बसल्या की कुणीतरी त्यांना ‘कशा आहात’ विचारेल आणि त्या ‘बरी आहे’ म्हणतील. म्हणू देत, शिकवून बदलायला जाऊ नकोस. घाई न करता उठ आणि विचार, ‘आज सकाळी तुमचा अंबाडा कुणी घातला?’